अडतीस पूर्णांक सहा

जुनेद, रकाना सात सध्या रिकामा ठेव.
आधी हातातला काजू बघ.

ही बी गिनी-बिसाऊच्या झाडाखाली पडली,
बोंड तिथेच कुजलं,
ती गोणीत बसून वेंगुर्ल्याला आली.
तिथे उकडली, फोडली, सोलली,
तीनशेवीसच्या प्रतीत बसवली,
डब्यातली हवा काढून सोहारला उतरवली.
इथे आपण तिला भाजलं, मीठ लावलं.
पिशवी शारजात छापलेली.
आता सांग, कुठला माल?

झाड जिथलं तिथला, म्हणालास.
झाडाचा एवढा मान खजुराला. कलिंगडाला.
सुरमईचा देश तर होडीच्या झेंड्यावरून ठरतो.
बाकीच्यांना एकच विचारतात:
शेवटचं कोणी बदलवलं?

निवडलं, चाळलं, पिशवीत भरलं, लेबल लावलं,
त्याने काही होत नाही.
नाव सोनूबाई ठेवल्याने
हातातला वाळा कथलाचाच राहतो.
भाजलं, की आठव्या प्रकरणातून उठून
थेट विसाव्यात.
नुसतं फोडलं, तर पुढचे चार आकडे तेच,
मागचे दोन तेवढे हलतात.

त्या दोन आकड्यांत माझी आई बावीस वर्षं होती.
चीक लागू नये म्हणून राख फासायची हाताला,
तरी बोटांवरच्या रेघा गेल्या.
आधारच्या यंत्राने चारदा परत पाठवलं तिला,
बोट पुसा, म्हणे, नीट ठेवा.

असो. चेंबरच्या खिडकीत सुलेमान बलुशी बसतो.
त्याच्या आडनावात मकरानचा किनारा आहे,
पासपोर्टात नाही.
शिक्का उचलून धरतो, टेकवत नाही.
'भाजलंत ते दिसतंय,' म्हणाला,
'भर किती घातलीत? चाळीस टक्के लागतात.'

मग मी बसले. गॅसचं बिल, मिठाची पोती,
भट्टीची झीज, शेडचं भाडं,
पाच माणसांचा पगार.
दोनदा बेरीज केली, तिसऱ्यांदा उलटी केली.
अडतीस पूर्णांक सहा.

तिकडे इब्रीच्या पुढे, रुब अल खालीच्या तोंडाशी
गुलजमानचा ट्रक, चौदा पॅलेट.
फोनवर म्हणतो, बाजी,
सावली ट्रकच्या खालीच आहे फक्त, तिथेच बसलोय.
दम्मामचा गिऱ्हाईक तर तासातासाला.

वर्गीस साहेब म्हणाले, कुठेतरी दीड टक्का असेल, शोध.
शोधला. सापडला.
पगाराच्या ओळीत होता.
म्हणजे, नव्हता.
इद्रिस, लखपा, ते दोघे सिल्हेटचे भाऊ,
आणि रात्रपाळीचा तो, कधीच न बोलणारा:
यांना महिन्याला ऐंशी-नव्वद रियाल जास्त पडत असते
तर काजू ओमानचा झाला असता.

हे मी साहेबांना बोलून दाखवलं.
बोलायचं नव्हतं, बोलून गेले.
ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढला, परत सरकवला.
'ड्युटी एकदाची असते,' म्हणाले.
'पगार वाढला की वाढलेलाच राहतो.
पाच टक्के भर आणि सोड गाडी.'

तू विचारलंस, ताई, अडतीसचे चाळीस केले असते तर
कोणाला कळलं असतं?
बलुशीला कळलं असतं.
तो आधी पगाराचीच ओळ वाचतो. का, ते विचारलं नाही मी.

म्हणून ओमान येत नाही इथे.
वेंगुर्ल्याचा जुना दाखला त्या निळ्या फाईलमध्ये आहे,
तो जोड, आणि भारत लिही.
गिनीचं नाव कुठेच लागत नाही, हो,
मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

थांब, बोटं पूस आधी.
मीठ आहे. शाई धरत नाही.